अर्ध्या वितीच्या पलीकडे

आमच्या घरात सगळेच नाक लावून बघतात. मी रफूचं काम करते. लोकरीच्या कोटाला कसर लागते, पँटला सिगारेटचं भोक पडतं, आणि मग त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतले धागे काढून ते भोक असं विणून काढायचं की घालणाऱ्यालाही पुन्हा ती जागा सापडू नये. हे काम हातभर अंतरावरून होत नाही. नवरा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासतो. केसाएवढा चरा राहिलाय का ते बघायला तोही दिवसभर काच डोळ्यापाशी धरून बसलेला. लग्नानंतर पहिल्यांदा सगळे एकत्र जेवायला बसलो तेव्हा आम्ही दोघं ताटावर इतके वाकलो होतो म्हणे, की माझ्या मोठ्या नणंदेने विचारलं, दोघांचं ताटात काही पडलंय का, मीही शोधू लागते.

त्यामुळे आमची लेक रांगायला लागली आणि जमिनीवरचा बिस्किटाचा कण उचलून पापण्यांपाशी नेऊन बघायला लागली, तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ही कुणावर गेली ह्यावरून आमच्यात भांडण लागलं. टोपणनाव पडलं मुंगी.

मुंगीचं बघणं बघत राहावं असं होतं. माझ्या डब्यातलं कोटाचं मोठं बटण हातात दिलं की दहा मिनिटं गेलीच. आधी डाव्या डोळ्याशी, मग उजव्या, मग कडेने, मग भोकांतून. मांडीवर बसली की माझा चेहराही ती असाच वाचायची. एक भुवई, मग नाकाचा शेंडा, मग ओठावरचा तीळ, असं एकेक करत, पापणीला पापणी लागेपर्यंत जवळ येऊन. एवढ्या बारकाईने मला कुणी कधी बघितलं नव्हतं, तिच्या बापानेसुद्धा. मला त्याचा गर्व होता. कौतुक म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर गर्वच.

ती मोठी नणंद, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, शहराची बस चालवते. अठरा वर्षं झाली. तिची नजर कायम पुढच्या चौकात. घरात बोलतानासुद्धा ती समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघतेय असं वाटतं. मुंगी सव्वा वर्षाची असताना ताई सुट्टी काढून चार दिवस राहायला आली.

आली ती दारातच थांबली. मुंगी समोर कपाटाला पाठ लावून बसली होती, दाराकडेच तोंड करून. ताईने पिशवी खाली ठेवली आणि आवाज न करता तोंडं करायला सुरुवात केली. गाल फुगव, डोळे फिरव, जीभ नाकाला लाव. बसमधली रडकी पोरं ह्याच तोंडांवर गप्प होतात म्हणे. मुंगी सरळ तिच्याकडे बघत होती आणि चेहऱ्यावर काही नाही. मी आतून बघत हसत होते. म्हटलं, भाव खातेय आमची लेक. ताई एक पाऊल पुढे आली, पुन्हा तोंडं केली. मग आणखी एक पाऊल. तोपर्यंत ताई हसायची थांबली होती, मी नव्हते थांबले. शेवटी ती गुडघ्यांवर बसली, हळूहळू चेहरा पुढे नेत गेली, आणि नाकाला नाक लागायच्या जरासं आधी मुंगी दचकली आणि खुलली.

ताईने तिला मांडीवर घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "समोरच्याने मला बघितलंय की नाही, ह्यावर माझी नोकरी चालते. वेडे, ही मला बघत नव्हती."

संध्याकाळी नवऱ्याने वाद घातला. रोज इतक्या लोकांचे नंबर त्याच्या हातून जातात, स्वतःच्या मुलीचं त्याला कळलं नसतं का, वगैरे. ताई त्याला लहानपणापासून भिंग्या म्हणते, सहाव्या वर्षी चष्मा लागला तेव्हापासून. ती शांतपणे म्हणाली, "भिंग्या, तू डोळे कधी बघितलेस? तू काचा बघतोस." तो उठून गॅलरीत गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ त्यानेच घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, हळू बोलणाऱ्या. मुंगीच्या डोळ्यांत थेंब घातले, खोली अंधारी केली, आणि उजेडाची एक बारीक पट्टी तिच्या डोळ्यांवरून फिरवत, एकामागून एक भिंगं मधे धरत त्यांनी नंबर काढला. बोलता न येणाऱ्या माणसाचा नंबर असाही काढता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन्ही डोळे उणे नऊ. मला आकड्यातलं काही कळलं नाही, पण शेजारी नवऱ्याने श्वास आत ओढलेला ऐकू आला. बाईंनी आपलं पेन मुंगीच्या नाकासमोर धरलं आणि ते जरासंच मागे नेलं. "हिला इथपर्यंत नीट दिसतं," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पुढे सगळं धुकं." मी बोटांनी मोजलं. अर्धी वीत.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं, कारण नवरा काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. बघणं मेंदू शिकतो, आणि तो ह्याच वयात शिकतो. चष्मा जागेपणी सतत हवा. ही वर्षं अशीच गेली तर पुढे कितीही चांगला चष्मा घातला तरी डोळ्याला ते जमेलच असं नाही. दोन महिन्यांनी परत दाखवायला या.

परतीच्या वाटेवर नवरा एकच वाक्य बोलला. उणे नऊच्या गिऱ्हाइकाचा चष्मा काउंटरवर काढून घेतला तर त्याला दुकानाचं दार सापडत नाही, म्हणाला. आणि ही आपल्या घरभर फिरते.

फिरायचीच. त्या दिवसापासून मी तिच्याकडे नव्याने बघायला लागले आणि मला तिचा धाक वाटायला लागला. खोलीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला माझ्याकडे येताना ती एकदाही चुकत नसे. मी शिवण घेऊन नेहमीची जागा सोडून दुसरीकडे बसले तरी ती क्षणभर थांबायची, मान जरा तिरकी करायची, आणि बरोबर माझ्या गुडघ्यांशी येऊन ठेपायची. कात्री खाली ठेवल्याचा आवाज, माझ्या श्वासाचा, माझ्या अंगाचा वास, काय काय जमेला धरत होती देव जाणे. एवढ्याशा जिवाने धुक्यातून चालायची विद्या स्वतःची स्वतः शिकून घेतली होती, आणि आम्हाला पत्ता नाही. तिला वाटत असणार, जग असंच असतं. आधी काहीतरी पुसट, आणि मग एकदम आई.

भिंगं नवऱ्याने स्वतः घासली. दुकानाच्या मालकाने दोन दिवस दुसरं काम त्याला दिलंच नाही. उणे नंबरचं भिंग मधे पातळ आणि कडेला जाड होत जातं, आणि नाकाएवढ्या फ्रेममध्ये ते जड होऊ नये म्हणून त्याने कडा इतक्या निगुतीने उतरवल्या होत्या की मी, मी रफूवाली, ती काच उजेडात धरून बघत बसले. कुठे हात फिरलाय ते कळत नव्हतं.

लहान मुलांना पहिला चष्मा घालतात आणि ती आईकडे बघून हसतात, ते व्हिडिओ आम्हाला ओळखीतल्या निदान सात जणांनी पाठवले होते. नवऱ्याने मुंगीला मांडीवर घेतलं, मी समोर बसले, तोंड तिच्या तोंडाशी नेलं, त्याने मागून चष्मा चढवला. मुंगीने माझ्याकडे बघितलं आणि अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. चष्मा कपाटाखाली.

त्यानंतरचे अकरा दिवस असेच गेले. चष्मा बुटात सापडला, पाण्याच्या बादलीत सापडला, एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात घालून जवळजवळ पोचताच झाला असता. मागून इलास्टिक लावलं तर ती ते दातांनी ओढायची. तिच्या कापडी अस्वलाला मी पुठ्ठ्याचा चष्मा केला. तिने आधी त्याचा उपटला, मग स्वतःचा. बटणं झाली, चमचा झाला, चित्रांचं पुस्तक झालं. जे जे तिला आवडतं ते ते तिच्या डोळ्यांसमोर धरायचं आणि चष्मा चढवायचा. दर वेळी तेच. आधी एक कावरीबावरी नजर, जणू हातातलं कुणी काढून घेतलं, आणि मग रडणं. ताईचा रोज फोन यायचा. ठेवला का, एवढंच विचारायची. नवरा रोज फ्रेम दुकानात नेऊन कानामागचा वाक बदलून आणायचा. नाकावर वळ उठला नाही, कानामागे लाल झालं नाही, तरी त्याला वाटत होतं की चूक मापातच आहे. एकदा जेवताना तो म्हणाला, "लोकांना मी रोज डोळे देतो. हिला माझ्या हातचं नको आहे." मी त्याला म्हटलं की सव्वा वर्षाच्या पोरीशी रुसू नये माणसाने. पण रात्री मीही कॅलेंडर उलटं करून बघितलं. दोन महिन्यांतले अकरा दिवस गेले होते आणि सगळे मिळून तिने तो पाच मिनिटंही घातला नव्हता.

बाराव्या दिवशी दुपारी एका राखाडी कोटासाठी धागा जुळवायला मी खिडकीत उभी होते. राखाडी रंग दिव्याखाली फसवतो, त्याला दिवसाचाच उजेड लागतो. मुंगी कडेवर. चष्मा माझ्या तोंडात होता, दांडी दातांत धरलेली, कारण दोन्ही हात अडकलेले. धागा मिळाला, हात मोकळा झाला, आणि सवयीने, आशेने नव्हे, मी तो तिच्या नाकावर ठेवला. ह्या वेळी समोर काही धरायला माझ्याकडे हातच नव्हता. कोट खांद्यावर, रीळ मुठीत. तिचं तोंड खिडकीबाहेर होतं.

तिचा हात चष्म्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होत्या. पांढरी चादर वर जायची, फुगायची, खाली यायची. मधे रस्ता, रस्त्याच्या ह्या बाजूला झाड, पलीकडे गच्ची. मुंगीचं तोंड उघडं पडलं. श्वास घेत नाहीये की काय म्हणून मी तिच्या पाठीला हात लावला, तर तिचं काळीज पाखरासारखं धडधडत होतं. चादर तारेवर गेली, बाई आत गेल्या. मुंगीने खाली बघितलं. रस्ता. सायकल गेली, तिच्याबरोबर मुंगीची मान गेली. एक कुत्रा बसला होता, तो उठला. झाडाला पानं होती. मी सांगते तुम्हाला, मला ती पानं त्या दिवसापर्यंत अशी कधी दिसली नव्हती, एकेक सुटं, एकेकाला कड. मी तिच्या गालाला गाल लावून तिच्या नजरेने बघत होते आणि मला भीती वाटत होती की माझ्या हलण्याने हे सगळं सांडेल.

मग तिने हात लांब केला आणि एक बोट पुढे काढलं. बोट दाखवलं. आमच्या मुलीने तोवर कधी कशाकडे बोट दाखवलं नव्हतं. दाखवणार कशाकडे? तिचं जे काही होतं ते हाताच्या अलीकडेच होतं.

मी रडत होते बहुतेक, कारण ती वळून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. जवळून. आणि त्याच क्षणी ती जुनी कावरीबावरी नजर आली, ओठ काढला, आणि चष्मा ओढून टाकला. मग उघड्या डोळ्यांनी, पापणीला पापणी लावून, मी आहे ना ते तपासून घेतलं.

तेव्हा मला कळलं. मी रीळ टाकून आधी नवऱ्याला फोन केला. भिंगं घासायच्या यंत्राच्या घरघरीत त्याला नीट ऐकू येईना, म्हणून तो बाहेर आला. मी म्हटलं, आपण तिला रोज काय दाखवतो? बटण, चमचा, माझं तोंड. नाकासमोर. ते तर तिला आधीपासून दिसतच होतं. आपल्या दोघांना जग म्हणजे तेवढंच, म्हणून आपण तेवढंच दाखवत बसलो.  तो खूप हळू म्हणाला, "उण्याच्या भिंगातून जवळचं लहान होतं. लांब गेल्यासारखं वाटतं. मी हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो." आणि परत, "रोज सांगतो गं मी."

म्हणजे चष्मा चढवला की तिची आई आकसून लांब जात होती. कोण नाही किंचाळणार?

मी त्याला म्हटलं, ये. पण वर येऊ नकोस. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी उभा राहा.

अर्ध्या तासात तो आला. मी मुंगीला खिडकीच्या गजांशी उभं करून मागून धरलं होतं, तिचं तोंड बाहेर असतानाच चष्मा चढवला होता, आणि ती पुन्हा त्या सायकलींच्या मागे लागली होती. कोपऱ्यावर तो दिसला तेव्हा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. त्याने मोकळा हात वर करून हलवला. मुंगी कुत्र्याकडे बघत होती. तो आणखी जोरात हलवायला लागला. लाँड्रीवाला हातात इस्त्री घेऊन बाहेर आला आणि आमच्या साहेबांकडे बघत उभा राहिला. फोन कानाला होता, तो मला म्हणाला की लोक बघतायत. मी म्हटलं, लोकांनीच बघून कसं चालेल, थोडा पुढे ये.

तो चालायला लागला, आणि एकटाच हात हलवत चालणारा माणूस म्हणून असेल, मुंगीची नजर त्याच्यावर गेली. तो मोठा होत होता. पावलागणिक. मला एकदम लक्षात आलं की तिने आजवर अख्खा माणूस एका वेळी बघितलाच नव्हता. भुवई, नाक, कान, शर्टाचं बटण, असे तुकडे. तिच्या बापाला खाली पाय आहेत आणि वर डोकं आहे आणि हे सगळं एकत्र चालत येतं, हे तिला कोण सांगणार होतं? ती बघत होती, पण परक्याकडे बघावं तशी.

"ओळखत नाहीये ना?" तो फोनवर म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. जाड काचांचा चष्मा घातलेला कुणी एक माणूस. घरात पाऊल टाकलं की तो चष्मा काढून फळीवर ठेवतो, नाहीतर मुंगी ओढते. तिने तो चेहरा कधी चष्म्यासकट बघितलाच नाही.

"चष्मा काढ," मी म्हटलं.

त्याने काढला. रस्त्याच्या मधोमध, उघडा चेहरा वर करून उभा राहिला. त्याचा स्वतःचा नंबर उणे सहा. आता त्याला ना खिडकी दिसत होती ना आम्ही. तो आमच्या शेजारच्या बंद खिडकीकडे बघून हसत होता.

मुंगी गजांना घट्ट धरून ताठ झाली. मग हात बाहेर काढून तिने बोट दाखवलं, आणि वळून माझ्याकडे बघितलं. पुन्हा जवळून, चष्म्यातून. तिने मला एक क्षणभर बघितलं, घाईत असलेलं माणूस बघतं तसं, म्हटलं तर ओळख दिली, आणि परत रस्त्याकडे वळली. चष्म्याला हात लावला नाही.

"बघतेय का?" त्याने विचारलं.

"बघतेय."

"मला इथून काहीच दिसत नाही. वर येऊ का?"

"नको. थांब अजून."

तो थांबला. लोक त्याला वळसा घालून जात होते. लाँड्रीवाल्याने जवळ येऊन त्याला काहीतरी विचारलं, हरवलंय का काही, असं असणार, कारण त्याने मान हलवली आणि चष्मा धरलेल्या हाताने वर, त्या चुकीच्या खिडकीकडे, दाखवलं.